कोट्याच्या पानाची पहिली ओळ

भाऊ,

तुम्ही मितभाषी होतात, असं प्राचार्यांनी शोकसभेत सांगितलं तेव्हा मला उठून बाहेर जावंसं वाटलं. मितभाषी! इतकी वर्षं तुमच्या शेजारच्या टेबलावर बसून माझे कान किटले, ते मला विचारा. तुम्ही गप्प असायचात ते फक्त प्राचार्यांसमोर, कारण ते आले की दुसऱ्या कोणाला तोंड उघडायला फुरसतच मिळत नसे. फोटो तोच लावला होता, ओळखपत्रावरचा, ज्यात तुम्ही कोणावर तरी चिडलेले दिसता. बहुधा माझ्यावर. हार घातल्यावर तर तुम्ही आणखीच चिडलेले दिसत होतात. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, रडू येतंय म्हणून बोलत नाही. तेही होतंच. पण खरं कारण हे की आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते त्या खुर्च्या मांडलेल्या हॉलमध्ये कसं सांगायचं?

भांडण कशावरून, हे कळलं तर लोक हसतील. एका पानाची पहिली ओळ कोणती असावी, यावरून.

आपल्या कॉलेजच्या संगणक केंद्रात एकच मोठा सर्व्हर. विद्यार्थी, शिक्षक, ऑफिसवाले, सगळ्यांच्या फायली त्याच्यावर, आणि सांभाळणारे आपण दोघं. प्रत्येकाला त्यात ठरावीक जागा, तिला सगळे कोटा म्हणतात. त्या जागेवर दोन रेघा ओढलेल्या. पहिली रेघ ओलांडली तर एक आठवड्याची मुदत मिळते, तेवढ्यात जुनं काढून आवरायचं. दुसरी रेघ ओलांडताच येत नाही. आणि आवरलं नाही, मुदत संपली, तर पहिली रेघच भिंत होते, पुढे एक अक्षर लिहिता येत नाही. एवढंच. पण ज्या इंग्रजी पुस्तिकेत हे सांगितलेलं आहे ती वाचून भला माणूस घाम पुसायला लागतो. तुम्ही तिचं प्रिंट दारावर चिकटवलं होतं. त्याच्या कोपऱ्यात कोणीतरी मेसवाल्याचा फोन नंबर लिहून ठेवला होता. त्या कागदाचा एवढाच उपयोग लोकांना झाला.

मग ती केळीच्या करपा रोगावर पीएचडी करणारी मुलगी आली. आठवते? दारातच उभी राहिली, आत येईना. तिच्या प्रबंधाच्या एका प्रकरणाची फाईल होती, नाव होतं, उघडली तर आत काही नाही. पांढरं. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सर, मी सेव्ह केलं होतं हो." आणि तिने केलंच होतं. तिथेच तर घात झाला. सेव्ह करताना संगणक आधी जुनी फाईल रिकामी करतो आणि मग नवी लिहितो. तिची मुदत संपलेली, त्यामुळे रिकामी झाली पण लिहिली गेली नाही. तेव्हा बॅकअप आठवड्यातून एकदाच व्हायचा, म्हणून थोडं परत मिळालं, बाकीचं गेलं. मी तिला म्हटलं, दारावर पान लावलेलं आहे की. तुम्ही माझ्याकडे डोळे वटारून बघितलंत. ती गेल्यावर तुम्ही चहा प्यायला गेलात, एकटेच. परत आलात ते दारावरचा कागद फाडत. म्हणालात, "ताई, हे पान आपण लिहू. मराठीत. तिला कळलं असतं असं." त्याच आठवड्यात बॅकअप रोजचा केलात.

आपलं पहिलं पान आठवलं की अजूनही तोंड लपवावंसं वाटतं. आपण लिहिलं होतं, 'महत्त्वाच्या फाईलची सेव्ह करण्याआधी दुसरी प्रत करून ठेवा.' पोरं गुणी, त्यांनी ऐकलं. प्रत्येकाने प्रत्येक फाईलची प्रत केली, त्याच खात्यात, त्याच जागेत. कोणी प्रतीची प्रत केली. चार दिवसांत निम्मं कॉलेज पहिल्या रेघेपलीकडे. तुम्ही यादी बघून आधी कपाळावर हात मारलात आणि मग इतके हसलात की खुर्चीला धरून उभे राहिलात. "बठ्ठं भरी गयं! बठ्ठं भरी गयं ताई!" सगळं भरलं म्हणे. तुमची ती नरडाण्याकडची अहिराणी तुमच्या तोंडून दोनच वेळा यायची, फार राग आला की आणि फार हसू आलं की. मला मात्र हसू आलं नाही. मी रागावून ते वाक्य पानावरून काढून टाकलं आणि त्या दिवसापासून आपण दोघं या पानाच्या नादाला लागलो.

माझं म्हणणं सरळ होतं, आजही आहे. सगळ्यात वर धोका सांगा. जागा भरलेली असताना सेव्ह केलंत तर होतं तेही जाईल, ही पहिली ओळ. कारण घाबरलेला माणूस एकच ओळ वाचतो. तुमचं म्हणणं, नाही. आधी कोटा म्हणजे काय, मग दोन रेघा, मग मुदत, मग जागा कशी बघायची, मग कशी आवरायची, आणि धोका शेवटी. "समजायच्या आधी घाबरवलं की माणूस काहीतरी भलतंच करून बसतो. प्रती करत बसली ना पोरं?" यावर मी आवाज चढवायचे. तुम्ही तुमच्या क्रमाने पान लावायचात, मी ते वाक्य उचलून वर न्यायचे, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खाली गेलेलं असायचं. तुम्ही कधी त्याबद्दल बोलायचात नाही. फक्त चहा मागवताना माझ्या चहात साखर कमी सांगायचात. भाऊ, आपण साठीकडे झुकलेला एक माणूस आणि पोराबाळांची एक बाई, आणि काय हा पोरखेळ! पण मला सकाळी कामावर यावंसं वाटायचं ते या पोरखेळामुळे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असंही वाटत नाही. तुम्ही म्हणाला असतात, "बरं. वाक्य खालीच राहील."

तुमच्या स्वतःच्या खात्याला विद्यार्थ्यांएवढाच कोटा होता. प्राचार्यांना कोटा नाही, विभागप्रमुखांना भरमसाट, आणि ज्याच्या हातात सगळ्या किल्ल्या त्याला पहिल्या वर्षाच्या पोराइतकी जागा. नवीन माणसाला हे कळलं की त्याला वाटायचं तुम्ही साधेपणा दाखवताय. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. एकदा मी चिडून विचारलं तेव्हा म्हणालात, "ज्याने कोटा लावायचा त्याला तो टोचला पाहिजे. नाहीतर त्याने लिहिलेलं पान खोटं होतं." यात साधेपणा कुठला आला, हा तर कामाचा भाग होता. तुम्ही त्या अडचणीत राहायचात म्हणजे ती कशी असते हे विसरायला होऊ नये. मला ते पटलं होतं. आज त्याच गोष्टीचा मला इतका राग येतो की काय सांगू.

मूत्रपिंडं गेली असं कळलं तेव्हा तुम्ही धुळ्याला घरी गेलात, रजा टाकून. आठवड्याचे पाच दिवस जळगावच्या भाड्याच्या खोलीत आणि दोन दिवस धुळ्यात काढलेला माणूस, आता सगळेच दिवस धुळ्यात. मी रविवारी यायचे. घरून, पिंप्राळ्याहून रिक्षा, मग एसटी, पारोळा गेलं की मनात वाक्यांची जुळवाजुळव सुरू. पहिल्या रविवारी जामनेरच्या आमच्या मळ्यातल्या केळ्यांची फणी आणली होती. वहिनींनी ती हातातून घेतली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. मला कळेना काय झालं. तुम्ही पलंगावरून म्हणालात, "केळं विष शे आते मले. डॉक्टर म्हणतात, त्यातलं पोटॅशियम चालत नाही." लहानपणापासून कोणी आजारी पडलं की आम्ही केळी घेऊन जातो, दुसरं काही सुचतच नाही. ती फणी मी तशीच एसटीतून परत नेली. शेजारच्या बाईने विचारलं, विकायला चालल्या का? मी हो म्हटलं.

तुम्ही पलंगावर लॅपटॉप घेऊन जळगावच्या सर्व्हरला जोडून पान लिहीत बसायचात. डायलिसिसच्या दिवशी नाही, त्या दिवशी तुमचे डोळे उघडे राहायचे नाहीत. पण मधल्या दिवशी. अंगावर मांस राहिलं नव्हतं, हाताला ती सुईची जागा सुजलेली, आणि भांडताना मात्र तोच माणूस. मी म्हणायचे, भाऊ, सोडा, मी करते. तुम्ही म्हणायचात, "तू करशील तर ते वाक्य वर नेशील." वहिनी दारातून म्हणायच्या, "भांडू द्या ताई. भांडतस तवय बरं दिसतस." मग मी मुद्दाम भांडायचे.

दर सोमवारी पहिली रेघ ओलांडलेल्यांची यादी आपोआप निघते. एका सोमवारी त्यात तुमचं नाव आलं. मी बघायला गेले की एवढं कशाने भरलं. तुमचे रिपोर्ट. तपासणीवाले, दवाखाना, तुमचा पुतण्या, सगळे स्कॅन करून तुमच्या कॉलेजच्या मेलवर पाठवत होते. रक्ताचे, लघवीचे, सोनोग्राफीचे, एकेक केवढे मोठे. मेलही कोट्यातच धरली जाते, ते आपण पानात लिहिलं आहे. तुमच्या आजाराच्या कागदांनी तुमची जागा खाल्ली होती. मी लगेच फोन केला.

"भाऊ, तुमचं नाव आलंय यादीत. वाढवून देते, एक कमांड मारायची."

"हात नको लावू ताई."

"अहो, आजारी माणसाला कसला नियम?"

"मुदत शे ना. मी काढस जुनं." आणि मग शुद्ध मराठीत, ऑफिसच्या आवाजात, "माझ्या खात्याला हात लावायचा नाही."

मी लावला नाही. तुम्ही काढलं नाहीत. त्याच आठवड्यात ताप आला आणि तुम्हाला दवाखान्यात नेलं, लॅपटॉपसकट.

तिथून तुमचा शेवटचा फोन आला तो शनिवारी. आवाज इतका बारीक की मी बाहेर व्हरांड्यात येऊन ऐकला. "बठ्ठं लिखाई गयं ताई. पूर्ण पान नव्याने लिहिलं, एका बैठकीत. सेव्ह केलंय. तुझं ते वाक्य कुठे ठेवलंय ते बघ उद्या. आते भांडानं नही." मी म्हटलं, म्हणजे वर घेतलंत? तुम्ही हसलात. खोकला आला. "बघ उद्या," म्हणालात आणि फोन वहिनींनी घेतला. मी तेव्हाच आत जाऊन बघू शकले असते. पण तुम्ही उद्या म्हणाला होतात, आणि मला ते तुमच्यासमोर बसून बघायचं होतं, तुमचा चेहरा बघत. रविवारी सकाळी मी एसटीत असताना पुतण्याचा फोन आला.

सगळं उरकल्यावर, दहावा झाल्यावर मी ती फाईल उघडली. भाऊ, रिकामी. नाव आहे, शनिवारची वेळ आहे, आत एक अक्षर नाही.

मला आधी वाटलं आपण चुकीची उघडली. मग वाटलं कोणी पुसली. मग तुमच्या मुदतीची तारीख बघितली. मुदत यादीपासून नाही, रेघ ओलांडल्या दिवसापासून धरतात, आणि ती शुक्रवारीच संपली होती. ती मुलगी दारात उभी होती ना, आत न येता, तशी मी माझ्या खुर्चीत होते. 'मी सेव्ह केलं होतं हो.' जो धोका सांगायला तुम्ही सगळ्या वर्षांत इतके कागद लिहिलेत, इतके फाडलेत, त्यानेच तुमचं शेवटचं पान नेलं. पडद्यावर सूचना आली असणार, येतेच. तुम्ही दमून लॅपटॉप मिटला असणार. वहिनींकडून लॅपटॉप मागवून तोही बघितला. त्यात काही नाही, तुम्ही सगळं सर्व्हरवरच लिहायचात. तुम्हीच सुरू केलेल्या रोजच्या बॅकअपमध्ये आहे ते शुक्रवार रात्रीपर्यंतचं पान. जुनं. तुमच्या क्रमाचं, वाक्य खाली असलेलं.

म्हणजे तुम्ही वाक्य वर नेलंत की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. तुम्ही मला जिंकू दिलंत, की असं काही नवं लिहिलंत की मीच हरले असते? फोनवर हसलात ते कशाला? भाऊ, मी तुमच्यावर फार रागावले आहे. कोणीही गेलं तर दुःख होतं, ते होतंय. पण हा राग वेगळा आहे. एक कमांड होती. तुम्ही हो म्हणायचं होतं. कोटा टोचायला हवा म्हणे! इतका?

मागच्या शनिवारी धुळ्याला गेले. वहिनी भाकरी थापत होत्या. मला बसायला सांगितलं आणि तव्याकडे बघतच विचारलं, "ताई, त्या पाननं काय जयं? त्या तेच सांगेत, पान लिखाई गयं म्हने." त्या म्हणजे तुम्ही.

मी खरं सांगितलं. त्यांना खोटं सांगता आलं असतं, छान झालंय पान, असं. पण त्यांनी ते तुमच्या फोटोला सांगितलं असतं आणि तुम्ही पकडलं असतंत. मी सांगितलं की पान गेलं, आणि कसं गेलं. भाकरी करपली, ती त्यांनी बाजूला ठेवली. मग मी विचारलं, हे मी पानावर लिहू का, असं असं झालं म्हणून? नाव न घेता, पण तुम्हीच हे कळेल. वहिनींना वाईट वाटेल का?

"लिखा," त्या म्हणाल्या. "त्यासनी कधी काही लपाडं नही."

"आणि ते रिपोर्ट? तुमच्यासाठी ठेवू का वेगळे काढून?"

त्या उठल्या, फळीवरची कापडी पिशवी काढून मला दाखवली, कागदांनी फुगलेली. "कागद शेतस घरमा. आते कोनले दखाडू?" आणि तेव्हा मात्र त्या रडल्या. मी पण. चूल तशीच जळत होती.

जळगावला येऊन मी तुमच्या खात्यात शिरले. कोटा वाढवला नाही. तुम्ही सांगितलं होतंत, हात लावायचा नाही. पण जुनं काढायचं हे तुम्ही म्हणाला होतात, ते काम तुमचं राहिलं होतं, ते मी केलं. एकेक रिपोर्ट उघडला आणि पुसला. न बघता सगळे एकदम पुसता आले असते, ते मला जमेना. आकडे मला कळत नाहीत, पण पुढे पुढे लाल अक्षरं वाढत गेलेली कळतात. शेवटी तुमची जागा पहिल्या रेघेच्या आत आली. मग शुक्रवारचं जुनं पान आणून त्या रिकाम्या फाईलमध्ये ठेवलं, जसंच्या तसं, तुमच्या क्रमाने, आधी कोटा म्हणजे काय, मग रेघा, मग मुदत. एकही शब्द हलवला नाही.

फक्त सगळ्यात वर एक ओळ घातली. 'सेव्ह करण्याआधी आपली जागा बघा. हे पान ज्यांनी लिहिलं त्यांची ती भरलेली होती, त्यांनी ऐनवेळी ती बघितली नाही, आणि या पानाची त्यांच्या हातची शेवटची प्रत त्यामुळे गेली.' घाबरवायचं तर समजावून घाबरवा, असं तुम्ही म्हणायचात. याहून चांगलं समजावणं मला सुचलं नाही. तुम्हाला पटलं नसेल तर ओळ खाली न्या. मी पुन्हा वर नेणार नाही, शपथ.

काल सोमवार होता. यादी निघाली. मी आधी तुमचंच नाव शोधलं. नव्हतं. आवरलेल्यांचं येत नाही.

भाऊ, जागा झाली आहे आता. लिहा ना.